काळीचं स्टेरिंग

याकूब, आधी आपलं भांडण मिटवू. रडायचं काय ते मग बघू.

तुला माती देऊन आलो तेव्हापासून तुझ्या दारात माणसांची रीघ लागली आहे. जो येतो तो सांगतो, याकूबभाई म्हणजे सोन्यासारखा माणूस. कुणाची गाडी घाटात बंद पडली होती ती तू ओढून आणलीस, कुणाच्या अडलेल्या सुनेला भर पावसात दवाखान्यात पोचवलंस. मी भिंतीला टेकून ऐकायचो, मान हलवायचो, आणि मनात एकच प्रश्न घोळत असायचा. या सोन्यासारख्या माणसाने जाता जाता मला फसवलं की नाही?

हे मी कमलजवळ बोललो. बायको म्हणून ती माझं सगळं ऐकते, पण या वेळी तिने हातातलं ताट खाली आपटलं. "अहो, माणूस गेला. आता तरी सोडा." पण मला सांग, तू सोडलं असतंस? मी आधी गेलो असतो आणि तुझ्या मनात माझ्याबद्दल असा संशय राहिला असता, तर तू माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खीर खाऊन सरळ माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं असतंस. तुला मी ओळखून आहे.

संशय काय तो तुला माहीतच आहे. पण हे कागदावर उतरतंय, उद्या दुसरं कुणी वाचेल, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तू तोवर जांभया दे.

आपल्या दोघांच्या गाड्या एकाच जातीच्या. आताच्या पोरांनी फोटोतच बघितलेल्या, गिअरची दांडी स्टेरिंगलाच असलेल्या. तुझी काळी म्हणजे तुझी जुनी टॅक्सी. लोणावळा स्टेशनवरून खंडाळ्याच्या बंगल्यांवर पाहुणे सोडून सोडून तिने तुझा संसार उभा केला. बाकीच्यांनी आपापल्या टॅक्स्या भंगारात दिल्या तेव्हा तू तिच्यावरचा पिवळा रंग खरवडून काढलास आणि तिला घरी ठेवून घेतलंस. माझी पिस्ता खंडाळ्याच्या एका बंगल्यात फणसाच्या झाडाखाली कुजत पडली होती. तूच मला दाखवलीस. मी तिच्या पिस्त्याच्या रंगावर भाळलो आणि तू खाली वाकून तिचं पोट बघत होतास. उठलास, हात झटकलेस आणि म्हणालास, "घे. इंजिन ऱ्हाईल. पन स्टेरिंगचं काय तरी कराय लागंल."

करावं लागणारच होतं. पिस्ताचं चाक फिरवायचं आणि वाट बघायची, असा प्रकार होता. आमच्या नवलाख उंबरे गावच्या सपाट रस्त्याला ते चालून जायचं, पण घाटात अशी गाडी नेणं म्हणजे कमलला विधवा करणं. स्टेरिंगच्या चाकापासून खालच्या गिअरबॉक्ससारख्या स्टेरिंग बॉक्सपर्यंत जो लोखंडी दांडा जातो, तो, त्याच्यावरची नळी आणि दांडा नळीत घट्ट धरणारे आतले बुश, हा सगळा जोड बदलायला हवा होता. बुश झिजले की दांडा नळीत लडबडतो. नवा जोड आता कुठे मिळत नाही. मिळाला तर कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतला मिळतो, आणि त्या गाडीचा बळी कशाने गेला हे विकणारा सांगत नाही.

म्हणून तपासायचं. तपासण्यात तुझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मीही काही कमी नव्हतो. सगळी नोकरी मी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. लोकांनी केलेल्या कामात खोट शोधायची, याचाच मला पगार मिळायचा. तू मला इन्स्पेक्टर म्हणून चिडवायचास, पण तू तर बिनपगारी इन्स्पेक्टर होतास. कलिंगड घेताना तू कलिंगडाकडे कमी आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघायचास. सुट्या भागावर ताजं ग्रीस दिसलं की म्हणायचास, "आधी हे पुसा, मंग बोलू." आणि ताजा रंग दिसला की बोलायचंही बंद. पाठ फिरवून चालायला लागायचास. ज्याने रंग मारला त्याने खाली काहीतरी पुरलंय, यावर तुझा कुराणाइतका विश्वास होता असं मी म्हणायचो आणि तू माझ्या पाठीत गुद्दा घालायचास.

गाडीत बसवलेलं स्टेरिंग तपासायची आपली पद्धत ठरलेली होती. एकाने आत बसून चाक बोटांनी अगदी हलकं डावी-उजवीकडे करायचं. दुसऱ्याने गाडीखाली आडवं होऊन बॉक्सच्या आर्मवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांडीवर, बोटं टेकवायची आणि डोळे मिटायचे. वरचं हलणं खाली पोचलं की खालच्याने ओरडायचं, "आला!" वर चाक हलल्यापासून खालून "आला" येईपर्यंत जेवढा उशीर, तेवढी झीज. आणि मग अदलाबदल. वरचा खाली, खालचा वर. दोघांचं एकमत झालं तरच गाडी अंगणाबाहेर. अदलाबदलीचा नियम तुझा. "मानसाला भूक लागली की तो लवकर आला म्हनतो," असं तुझं म्हणणं. किती दुपारी आपण तुझ्या अंगणात "आला, आला" करत घालवल्या असतील! स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुबेदाभाभी विचारायच्या, "कोन आला? पाहुना आला तर चहा टाकते." ही त्यांची थट्टा रोजची, आणि रोज तू हसायचास.

आता उर्शाची गोष्ट. संशयाचं मूळ तिथेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात उर्से टोलनाक्याच्या पुढे त्या भंगारवाल्याकडे आपण गेलो. एक्सप्रेसवेवर ठोकर खाल्लेल्या गाड्यांच्या ढिगाऱ्यामागे पत्र्याला टेकून तो दांडा उभा होता. आपल्याच गाड्यांचा. मला तो तिथल्या तिथे उचलावासा वाटला, पण तू शिकवल्याप्रमाणे मी तोंड वाकडं केलं आणि बाजूच्या जाळीची चौकशी केली. मग सहज म्हणून दांडा उचलला. गंज वरवरचा होता. खालचे दाते धारदार होते. भंगारवाल्या शेठच्या टेबलावरची चहाची कपबशी बाजूला करून मी दांडा नळीतून ओढून काचेवर लोळवून पाहिला. सरळ लोळला, कुठे उड्या मारल्या नाहीत. म्हणजे वाकलेला नव्हता. शेठ टेबलाच्या काचेकडे बघत राहिला.

दांडा पुन्हा नळीत घातला. आता बुश बघायचे. मी नळी छातीशी आवळून धरली आणि तू दांड्याचं वरचं टोक धरून हलवलंस. डोळे मिटलेले. मग खालचं टोक. मग पुन्हा वरचं.

"बाद," तू म्हणालास.

"कुटं बाद? मला तर काय लागलं न्हाई."

"नळी धरून तुला काय लागनार? वरचा बुश गेलाय."

"मंग धर नळी. मी बघतो."

तू नळी धरली नाहीस. बाजूच्या टायरवर बसलास आणि फडक्याने हात पुसायला लागलास. "नको. बाद म्हनलं ना मी."

अदलाबदल नाही! नियम ज्याचा त्यानेच मोडला. तिथे मी गप्प बसलो, कारण शेठ ऐकत होता. पण मग तू शेठला म्हणालास, "हा बांधा." मला वाटलं माझ्या कानात काहीतरी गेलं.

"बाद हाय तर घेतोस कशाला?"

"गिअरची दांडी चांगली हाय. लागंल कदी तरी."

आणि शेठच्या माणसाला सांगितलंस, डिकीत नेऊन ठेव. काळीच्या डिकीला तू मलासुद्धा हात लावू द्यायचा नाहीस, आणि आज परका माणूस डिकी उघडतोय नि तू टायरवर बसून बघतोयस! येताना कामशेतपर्यंत तू समोर बघत गाडी चालवत होतास, फार हळू, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, कलिंगडवाल्याकडे तू बघायचास तसा.

त्यानंतर काळी मला दिसली ती कव्हराखालीच. एकदा विचारलं तर ब्रेकचं सिलिंडर आलं नव्हतं. पुढच्या वेळी बॅटरी बसली होती. श्रावणात विचारलं तर म्हणे उंदरांनी वायर खाल्ली. अरे, तुला खोटं बोलायची सवय नव्हती. थाप मारायची तर एकच धरून ठेवायची असते. कव्हराच्या चारी कडांवर विटा ठेवल्या होत्यास. लोणावळ्याच्या वाऱ्याला त्या लागतात, हे मलाही कळतं, पण कडेच्या विटेला मी नुसता पाय लावला तर आतून ओरडलास, "ऱ्हाऊ दे रे!" तुझ्या घरात मी विचारल्याशिवाय डबे उघडून फरसाण खाणारा माणूस. मला काळीच्या कव्हराला हात लावू देईनास. मग मी काय समजायचं?

मी तेच समजलो जे तू समजला असतास. दांडा बाद नव्हताच. उर्शाचा उत्तम माल तू मला बाद म्हणून सांगितलास आणि स्वतःच्या काळीला बसवलास. बसवलेला मी ओळखीन, म्हणून ती झाकून ठेवली.

दिवाळी झाली आणि एक दिवस तू आमच्या गावी, नवलाख उंबऱ्याला, माझ्या दारात उतरलास. काळीतून नाही, कुणाच्या तरी टेम्पोतून. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला दांडा. "सातारकडं एकाकडं मिळाला," म्हणालास. "चल, पिस्ताला बसवू." मी चादर सोडली आणि माझ्या हाताला काळा रंग लागला.

ताजा रंग! याकूब, तू आणि ताजा रंग?

त्या दिवशी सगळंच उलटं चाललं होतं. नेहमी तू खाली आणि मी वर पाने पुरवायला, पण तू पिस्ताच्या सीटवर बसून राहिलास आणि मला खाली घातलंस. "कंबर धरलीय," म्हणालास. कमलने चहा आणला तो तू एकट्या उजव्या हाताने घेतलास, बशी न घेता. मी खाली घाम गाळत होतो. डॅशबोर्डखालचा क्लॅम्प आवळायला घेतला तेव्हा नळीवरून एक रबराची पट्टी निसटून माझ्या छातीवर पडली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर पंक्चरचं लाल ठिगळ. मी तो लगेच ओळखला. ती ट्यूब माझ्या सायकलची होती. काळीचं स्टेरिंग खडखडायचं तेव्हा आपण दोघांनी ती कापून क्लॅम्पखाली घातली होती, आपल्या दोघांच्याही डोक्यावर केस होते त्या काळात.

मी पट्टी खिशात घातली आणि काम पुरं केलं. मग तू वरून चाक हलवलंस, मी खाली बोटं टेकवली. लगेच आला. खोटं कशाला बोलू, चाक आणि आर्म एकाच क्षणी हलले. मी "आला" म्हणून ओरडलो, बाहेर निघालो, हात पुसले.

"आता तू खाली."

"कशाला? तू म्हनलास ना आला."

इतक्या वर्षांत माझ्या नुसत्या शब्दावर तू कधी गाडी सोडली नव्हतीस. म्हणजे तुला आधीच सगळं माहीत होतं. मी पट्टी तुझ्यासमोर धरली.

"हे काय?"

"रबर."

"हा काळीचा दांडा हाय, याकूब."

तू रस्त्याकडे बघितलंस. कारखान्याची बस चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तू तिच्याकडेच बघत राहिलास. "असंल. हलतोय का?"

"आज न्हाई हलत. पन तुझा जुना मला, आन् उर्शाचा तुझ्या काळीला! व्हय ना?"

"तुला संशय लय, भास्कर."

"कुनी लावला?"

"मी लावला. ब्येस केलं." तू टेम्पोत चढलास. चढताना टेम्पोवाल्या पोऱ्याने तुला हात दिला, आणि तो तू घेतलास. मग काच खाली करून म्हणालास, "घाट उतरताना दुसऱ्या गिअरात ऱ्हा." टेम्पो गेला.

तेवढंच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी तुझ्या लेकीचा, नसीमचा, फोन आला, आणि भांडण अर्धं राहिलं.

काल मी पिस्ता घेऊन लोणावळ्याला आलो. नसीम आईच्या सोबतीला राहिली आहे. शिकवते त्या शाळेतून रजा घेतली आहे तिने. जुबेदाभाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येता काढायचे ते दिवस, म्हणून आतल्या पडद्याआड. मी इकडचं तिकडचं बोललो, पाणी प्यायलो, आणि शेवटी म्हणालो, "नसीम, काळीला जरा बघायचं होतं."

नसीमने पडद्याकडे पाहिलं. आतून आवाज आला, "बघू दे गं त्यांना. बघितल्याबिगर त्यांच्या पोटात अन्न जायचं न्हाई."

आम्ही दोघांनी विटा बाजूला केल्या आणि कव्हर ओढलं. धूळ उडाली. मी काचेतून आत पाहिलं.

ड्रायव्हरच्या सीटसमोर काहीच नव्हतं, याकूब. चाक नाही, दांडा नाही, गिअरची दांडी नाही. डॅशबोर्डखाली नुसतं भोक, आणि सुटलेल्या वायरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या. चाक मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं. आणि खाली, पाय ठेवायच्या जागी, उर्शाचा दांडा. तसाच गंजलेला, शेठच्या माणसाने बांधलेली तारही सोडलेली नाही.

तरी तुला सांगतो, संशय तेवढ्याने गेला नाही. माझ्या डोक्यात लगेच आलं, हा नंतर बसवणार असेल. वेळ मिळाला नसेल. तू हसशील, पण मी नसीमला म्हणालो, "बाळ, ही नळी जरा छातीशी धरतेस?"

तिने ओढणी खोचली आणि धरली. मी तार सोडली, दांड्याचं वरचं टोक धरलं, डोळे मिटले आणि हलवलं. लडबडला. भांड्यात सैल बसलेल्या झाकणासारखा. नळी धरणाऱ्याला खरंच काही लागत नसावं, कारण नसीम म्हणाली, "काय झालं, काका?" मी टोक सोडलं. तिने आपणहून नळी माझ्याकडे दिली. "आता मी बघू ना? अदलाबदल." लहानपणापासून बघितलंय तिने. तिने टोक धरलं आणि डोळे मिटले, अगदी तुझ्यासारखे, भुवया वर करून. "वर हलतंय, काका. खाली ठीक आहे."

बाद. वरचा बुश. तू म्हणाला होतास तेच, तसंच.

"मग त्या दिवशी त्याने मला का बघू दिलं नाही?" मी मोठ्याने बोललो, कुणाला उद्देशून कोण जाणे. "नळी धरून उभं राहायला काय झालं होतं त्याला?"

"हातात जोर कुटं व्हता, भास्करभाऊ?" भाभींचा आवाज खिडकीच्या पडद्याआडून आला, अगदी शांत. "डावा हात उन्हाळ्यातच गेल्यासारखा झालता. छातीत कळ यायची ती हातात उतरायची. डॉक्टर म्हनले, उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई, गाडी तर अजिबात चालवायची न्हाई. उर्शाला गेले ते कुनाला न सांगता गेले. ते शेवटचं."

मी काळीच्या बॉनेटला टेकलो. "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं व्हतं सांगा म्हनून. तर म्हनले, भास्करला कळलं तर रोज लोणावळ्याला यील आन् मला तपासत बसंल."

नसीम हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन् हा बाद दांडा? तो कशाला आणला?"

"तिथंच ठिवला असता तर तुमी दुसऱ्या दिवशी एकटे जाऊन आनला असता, म्हनले. बसवून घाटात गेला असता." मग म्हणाल्या, "काळी उभीच ऱ्हानार व्हती, भाऊ. मंग तिचा काढून तुमाला दिला. मीच बसून बघत व्हते. नसीमचा नवरा खोलत व्हता, हे खुर्चीवरनं सांगत व्हते. रंग मात्र ह्यांनी हातानं मारला. म्हनले, भास्कर वळखून काढंल, मंग घ्यायचा न्हाई."

म्हणजे मला आलेला संशय खरा होता, याकूब. तू खोटं बोललास, रंग मारलास, तुझा जुना दांडा माझ्या गळ्यात बांधलास. सगळं बरोबर ओळखलं होतं मी. फक्त तू मला का फसवतोयस तेवढं मला कळलं नाही.

आणि मी माफी मागणार नाही. नीट ऐकून ठेव. मला तुझा राग आला आहे आणि तो मी तुला ऐकवणार आहे. मी तुला चोर समजलो आणि तू मला समजू दिलंस. माझ्या दारात उभं राहून एक वाक्य बोलला असतास, "भास्कर, मला बरं न्हाई," तर मी तिथेच पाना टाकला असता. तुला चोर म्हणवून घेणं चाललं, आजारी म्हणवून घेणं चाललं नाही. हे काय वागणं झालं? आणि मी? तपासणी विभागात जन्म काढलेला मी तुझ्या डिकीकडे बघत बसलो, कव्हराकडे बघत बसलो. तू चहा एका हाताने घेतलास, टेम्पोत चढताना दुसऱ्याचा हात धरलास, ते सगळं मी पाहिलं आणि तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून मनात ठेवून दिलं. तू असा चलाख, की माझाच संशय तू माझ्या डोळ्यांवर बांधलास.

पण आज सकाळपासून मी आणखी एक आठवतोय. त्या दिवशी मी खालून "आला" म्हणालो आणि तू खाली गेला नाहीस, कारण तुला वाकता येत नव्हतं. हे खरं. पण तू घाटाचं नावही काढलंस. दुसऱ्या गिअरात राहा म्हणालास. म्हणजे माझ्या एका शब्दावर तू मला घाटात जाऊ दिलंस. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या शब्दावर कलिंगडसुद्धा घेतलं नाही, त्याने. वाकता आलं नसतं तरी तू टेम्पोवाल्याला खाली घालू शकला असतास, कमलला घातलं असतंस, तू काही लाजणारा नव्हतास. घातलं नाहीस. मला याचा फार आनंद होतोय, याकूब, आणि तो कुणाला सांगावा ते कळत नाही.

उर्शाच्या दांड्यावर मी नसीमकडून खडू मागून मोठ्या अक्षरात "बाद" लिहिलं, म्हणजे उद्या भंगारवाला आला तरी त्याला कळेल आणि तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार नाही. काळीवर पुन्हा कव्हर घातलं. विटा ठेवल्या. नसीम म्हणाली, "अब्बांची गाडी अशीच राहू दे, काका, अजून." मी म्हणालो, राहू दे. तिला दांडा लागेल तेव्हा पिस्ताचा काढून देईन, असंही म्हणालो.

निघालो. पिस्तात बसलो, दार ओढलं, चावी फिरवायच्या आधी सवयीने चाक बोटांत धरलं आणि हलकं डावीकडे केलं, हलकं उजवीकडे केलं. आणि थांबलो. चाळिसावा दिवससुद्धा अजून व्हायचाय तुझा, आणि मी तुझ्या अंगणात चाक धरून तुझ्या ओरडण्याची वाट बघत बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. नसीम दारात उभी होती, तिला काय झालं ते कळेना.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा जरासा हलला.

"आला," भाभी आतून म्हणाल्या.

त्यांना तिथून गाडी दिसत नव्हती, इंजिन सुरू झालं नाही एवढंच ऐकू आलं असेल. आर्म कुठे असतो हेही त्यांना माहीत नसेल. अदलाबदल झाली नव्हती.

मी हँडब्रेक सोडला.